युआन श्वांग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या वाचकांकडून येतात. एक, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे. दोन, अजिंठ्याला जाऊन आल्यावर कुतूहल जागं झालेले. तीन, बौद्ध साहित्य मन लावून वाचणारे. प्रत्येकाला हवं ते थेट सापडावं म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलं असेल तिथे तो क्रमांक नमूद केला आहे.

१. युआन श्वांग नेमका कोण होता? थोडक्यात सांगा.

सातव्या शतकातला चिनी बौद्ध भिक्खू. जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास, आजच्या हनान प्रांतात, लोयांग शहराजवळ. घराणं कन्फ्यूशियसच्या परंपरेतलं, विद्वानांचं. थोरला भाऊ आधीच भिक्खू झाला होता, त्याच्यामागोमाग हाही तेराव्या वर्षी विहारात दाखल झाला. ६२९ साली तो भारताच्या वाटेला लागला आणि ६४५ मध्ये चीनची राजधानी चांगआन इथे परतला. पुढची एकोणीस वर्षं, म्हणजे ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरं करत बसला. मधल्या काळात, सम्राटाच्या आज्ञेवरून, ६४६ साली त्याने प्रवासाचा वृत्तांत तयार करून दिला. बारा भागांचा हा वृत्तांत १३८ राज्यांची माहिती देतो. आपण त्याला ओळखतो ते या वृत्तांतामुळे, पण त्याच्या स्वतःच्या लेखी हे काम दुय्यम होतं. पुढची बरीच उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवलं तर गोंधळ कमी होतो.

२. ह्युएन त्संग, युआन श्वांग, झुआनझांग... परीक्षेत कोणतं नाव लिहू?

तिन्ही एकाच माणसाची. जुन्या इंग्रजी पुस्तकांवरून आपल्याकडे ‘ह्युएन त्संग’ आलं, शालेय पुस्तकांत ‘युआन श्वांग’ रुळलं, आणि हल्लीच्या रोमन लेखनावरून ‘झुआनझांग’ लिहिणारे वाढले आहेत. प्रश्नपत्रिकेत जे छापलं असेल तेच उत्तरात वापरा.

३. तो भारतात कशासाठी आला? तीर्थयात्रेला की फिरायला?

पुस्तकांसाठी. तीर्थयात्रा होतीच, पण मूळ ओढ वेगळी होती.

त्या काळी चीनमध्ये बौद्ध ग्रंथांची जी भाषांतरं होती ती एकमेकांशी जुळत नव्हती. सगळ्या प्राण्यांत बुद्ध होण्याची क्षमता आहे की काहींतच, अशा मूलभूत प्रश्नावरही आचार्य निरनिराळी उत्तरं देत. सुई राजवट कोसळल्यावर झालेल्या अंदाधुंदीत युआन श्वांग आणि त्याचा भाऊ चांगआन, मग सछवान प्रांतातलं छंगतू असे सरकत गेले. तिथे ६२२ मध्ये त्याची उपसंपदा, म्हणजे भिक्खू म्हणून पूर्ण दीक्षा झाली. वाटेत भेटेल त्या पंडिताकडे तो शिकला आणि दर वेळी त्याच्या शंका वाढतच गेल्या. शेवटी त्याने ठरवलं की ‘योगाचारभूमिशास्त्र’ हा योगाचार पंथाचा (प्रश्न १७) ग्रंथ मुळातून, संस्कृतात, तो जाणणाऱ्याच्या पायाशी बसून शिकायचा. असा माणूस नालंदेत होता (प्रश्न ६).

४. सम्राटाची परवानगी नसताना तो चोरून निघाला, हे खरं का?

खरं आहे. तांग राजवट नवी होती, उत्तरेला तुर्कांचा धोका होता, आणि सरहद्द ओलांडायला बंदी होती. त्याचा अर्ज नामंजूर झाला. लियांगचौच्या सुभेदाराने त्याला परत फिरायला सांगितलं, तेव्हा तो रात्री चालायचा आणि दिवसा लपायचा. वाट दाखवायला घेतलेला परदेशी माणूस एका रात्री सुरी उपसून त्याच्या दिशेने आला, पुढे पकडले गेलो तर काय या भीतीने त्याचं मन फिरलं होतं. युआन श्वांगने त्याला सोडून दिलं आणि एकट्याने वाळवंट ओलांडायला घेतलं. तिथे पाण्याची पखाल हातातून निसटून सांडली. चरित्रकार (प्रश्न १३) म्हणतो की चार रात्री आणि पाच दिवस घशाखाली थेंब गेला नाही आणि शेवटी घोड्यानेच पाण्याची जागा शोधली.

वर्षाबद्दल एक सूचना: बहुतेक पुस्तकं ६२९ देतात, काही अभ्यासक ६२७ धरतात. परीक्षेसाठी ६२९.

५. तो कोणत्या वाटेने आला? सगळा प्रवास पायी केला का?

सगळा पायी नाही, घोडे होते, पुढे हत्तीही मिळाला. वाळवंटानंतर तुर्फानजवळच्या काओछांग राज्यात तिथल्या राजाला तो इतका आवडला की राजा सोडेचना. याने अन्नत्याग केला, तेव्हा कुठे सुटका झाली. मात्र त्याच राजाने पुढे वाटेतल्या राजांसाठी चोवीस पत्रं, तीस घोडे, सोनं, चांदी आणि रेशमाचे तागे दिले. चोरून निघालेला भिक्खू इथून पुढे जवळजवळ राजदूतासारखा हिंडला. तिएनशानच्या बर्फात बरोबरची माणसं मोठ्या संख्येने दगावली. मग समरकंद, बल्ख, बामियान (तिथल्या दोन प्रचंड बुद्धमूर्तींचं वर्णन त्याने केलं आहे, त्या २००१ मध्ये उडवल्या गेल्या), कपिशा, गांधार, आणि काश्मीरमध्ये सुमारे दोन वर्षं मुक्काम. तिथून गंगेचं खोरं.

६. नालंदेत तो किती काळ होता? तिथे खरंच दहा हजार विद्यार्थी होते का?

साधारण ६३७ मध्ये पोहोचला आणि सगळं मिळून पाचेक वर्षं राहिला, मध्ये दक्षिणेची मोठी फेरी झाली ती वेगळी. त्याचे गुरू शीलभद्र, विहाराचे प्रमुख. चरित्रात त्यांचं वय १०६ दिलं आहे. त्यांच्याकडून त्याने योगाचारभूमिशास्त्र शिकून घेतलं, शिवाय हेतुविद्या (तर्कशास्त्र) आणि व्याकरण.

पाहुणा म्हणून त्याची बडदास्त कशी होती याची यादीच मिळते: रोज १२० जंबीर फळं, २० सुपाऱ्या, २० जायफळं, थोडा कापूर आणि ‘महाशाली’ तांदूळ. हा तांदूळ मगधातच पिकायचा. दाणे काळ्या घेवड्याएवढे आणि भात शिजला की दूरवर वास जायचा, असं वर्णन आहे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात अडकलेल्या माणसाला भाताचा वास लक्षात राहिला, ही गोष्ट मला फार आवडते.

दहा हजार हा आकडा चरित्रातला आहे आणि त्यात पाहुणेही धरलेले दिसतात. काही दशकांनी नालंदेत राहिलेला चिनी भिक्खू इत्सिंग (प्रश्न २०) तीन हजारांहून थोडे अधिक भिक्खू सांगतो. दोघांत इत्सिंगचा आकडा अधिक पटतो. तो विहाराच्या रोजच्या व्यवहारांवरच लिहीत होता.

प्रवेशद्वारावरच्या परीक्षेबद्दलही विचारणा होते. बाहेरून येणाऱ्यांना दारातच कठीण प्रश्न विचारत आणि दहांतले सात-आठ परत फिरत, असं तो लिहितो.

७. युआन श्वांग महाराष्ट्रात कधी आला आणि त्याने आपल्याबद्दल काय लिहिलं?

६४१ च्या सुमारास. तो कांचीपर्यंत गेला होता. तिथून लंकेला जायचा बेत होता, पण तिथे दुष्काळ आणि यादवी असल्याचं लंकेहून आलेल्या भिक्खूंनी सांगितलं. मग तो पश्चिमेकडे वळला. ‘कोंकणपूर’ नावाच्या राज्यातून (तिथल्या ताडवनाची पानं लिहिण्यासाठी सगळीकडे जातात, असं तो सांगतो) तो महाराष्ट्रात आला आणि पुढे भडोचकडे गेला. चिनी लेखनात महाराष्ट्राचं नाव ‘मो-हो-ला-छा’ असं उमटलं आहे.

वर्णन मोजकं आहे, पण नेमकं. जमीन सुपीक, हवा उष्ण. माणसं उंच, साधी, प्रामाणिक आणि मानी. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. कुणी अडचणीत सापडून मदत मागितली तर स्वतःचा जीव विसरून धावतात. सूड घ्यायचा असेल तर आधी शत्रूला तसं कळवतात, मग दोघंही शस्त्र घेऊन समोरासमोर येतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्याला मारत नाहीत. सेनापती हरून आला तर त्याला दुसरी शिक्षा नाही, बायकांचे कपडे देतात, आणि तो बहुधा लाजेने जीव देतो.

यानंतरचा भाग समाजमाध्यमांवर कमी फिरतो. राजाच्या पदरी काहीशे वीर असत. ते लढाईआधी दारू पिऊन झिंगत, आणि मग एकेक जण भाला घेऊन हजारोंना आव्हान देई. यांच्यापैकी कुणी रस्त्यात माणूस मारला तरी कायदा त्यांना हात लावत नसे. हत्तींनाही दारू पाजून रणात सोडत. या जोरावर राजा शेजाऱ्यांना तुच्छ लेखतो, असं तो म्हणतो. कौतुक आणि धास्ती दोन्ही एकाच परिच्छेदात आहेत. अर्धा परिच्छेद कापून ‘चिनी प्रवाशाने केलेला मराठी माणसाचा गौरव’ म्हणून फिरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

राजाचं नाव तो पुलकेशी असं देतो आणि त्याला क्षत्रिय म्हणतो. म्हणजे हा बदामीच्या चालुक्यांचा दुसरा पुलकेशी. दोघांची भेट झाल्याचा उल्लेख नाही. राज्यात शंभरावर विहार, पाच हजारांवर भिक्खू, महायान आणि हीनयान दोन्ही, आणि देवळंही शंभराच्या घरात, अशी नोंद आहे. त्याच्या या वर्णनानंतर लगेचच, ६४२ च्या सुमारास, पल्लव नरसिंहवर्म्याने बदामी जिंकली. चालुक्यांचं शिखर त्याने अगदी शेवटच्या घटकेला पाहिलं.

८. पुलकेशीची राजधानी बदामी होती. मग वर्णन जुळत का नाही?

बरोबर शंका आहे. तो म्हणतो की राजधानीच्या पश्चिमेला मोठी नदी आहे आणि शहराचा घेर तीस ली आहे (ली म्हणजे किती, ते प्रश्न १४ मध्ये). बदामीजवळ अशी मोठी नदी नाही, आणि भडोचपासूनचं त्याने दिलेलं अंतरही बदामीला लागू पडत नाही. म्हणून कुणी नाशिक सुचवलं, कुणी पैठण. अंतराच्या हिशेबात नाशिक बरं बसतं, नदीच्या दिशेत पुन्हा अडचण येते. एवढ्या मोठ्या राज्याला उत्तरेकडे दुसरं ठाणं असणं अगदी शक्य आहे आणि तो तिथेच गेला असावा, असं माझं मत. परीक्षेत ‘पुलकेशीची राजधानी’ विचारली तर मात्र बदामी (वातापी) लिहा.

९. त्याने अजिंठा पाहिला का?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून सविस्तर.

तो अजिंठा हे नाव घेत नाही. राज्याच्या पूर्व सीमेवर मोठा डोंगर, एकामागून एक कडे, आणि खोल दरीत उभारलेला विहार, असं तो लिहितो. हा विहार पश्चिम भारतातल्या अचल नावाच्या अर्हताने (निर्वाण साधलेल्या भिक्खूने), आईच्या ऋणातून उतराई होण्यासाठी बांधला. भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथा कोरल्या आहेत. विहाराच्या दाराबाहेर डावी-उजवीकडे दगडी हत्ती आहेत, आणि ते ओरडले की धरणीकंप होतो असं लोक सांगतात. तर्कशास्त्री दिङ्नाग इथे राहिला होता, हेही तो नोंदवतो.

आता जागेवर काय आहे ते पाहू. वाघूर नदीच्या दरीतली लेणी. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी, जिन्याच्या दोन्ही बाजूंना, दगडी हत्ती आजही उभे आहेत. आणि सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर (ज्येष्ठ भिक्खू) अचलाने शैलगृह करवल्याचा उल्लेख आहे. हत्ती, दरी आणि अचल हे तिन्ही एकत्र आल्यावर जागेबद्दल शंका उरत नाही.

पण ‘पाहिला का’ हा वेगळा प्रश्न. तो सत्तर फुटांहून उंच दगडी मूर्ती आणि तिच्यावर आधाराविना तरंगणारी सात छत्रं सांगतो. अशी मूर्ती अजिंठ्यात नाही. तिथलं सर्वांत मोठं शिल्प म्हणजे सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध, सुमारे सात मीटर लांब आणि तोही पहुडलेला. रंगवलेल्या चित्रांबद्दल तो अवाक्षर काढत नाही, आणि ज्याने पहिल्या-दुसऱ्या लेण्यात पाऊल टाकलं आहे त्याला हे विचित्र वाटेल. माझा कौल असा की हे वर्णन राजधानीत भेटलेल्या भिक्खूंच्या तोंडून आलेलं आहे. उलट मत असणारे अभ्यासकही आहेत, आणि हत्तींची नेमकी जागा हा त्यांचा चांगला मुद्दा आहे.

वेरूळ, कार्ले किंवा कान्हेरी ओळखू येईल असं वर्णन वृत्तांतात नाही.

१०. हर्षाचा एवढा मानाचा पाहुणा असून त्याने हर्षाचा पराभव कसा लिहिला?

‘पराभव’ हा शब्द त्याच्या तोंडी घालू नका. कनौजच्या सम्राट हर्षाने पूर्व-पश्चिम जिंकलं, दूरदूरचे राजे नमले, पण महाराष्ट्र त्याला शरण गेला नाही, एवढंच तो म्हणतो. नर्मदाकाठच्या लढाईचं आणि हर्षाचा ‘हर्ष’ उतरल्याचं वर्णन ऐहोळेच्या शिलालेखातलं आहे. तो पुलकेशीच्या दरबारातल्या रविकीर्तीने शके ५५६, म्हणजे इ.स. ६३४-३५ मध्ये रचला. एक साक्ष विजेत्याच्या कवीची आणि दुसरी हरलेल्याच्या पाहुण्याची. दोन्ही एका दिशेला जातात म्हणून गोष्ट पक्की धरायची.

याच शिलालेखात ९९,००० गावांच्या ‘तीन महाराष्ट्रकां’चा उल्लेख आहे, तोही अनेक जण चुकून युआन श्वांगच्या नावावर टाकतात.

११. कनौजच्या सभेत त्याने सर्व पंडितांना वादात हरवलं, हे कितपत खरं?

सभा झाली, ६४३ च्या सुमारास, अठरा दिवस. त्याने महायानाची बाजू मांडून खोडून दाखवायचं आव्हान दिलं आणि कुणी पुढे आलं नाही. पण चरित्रातच पुढे दिलेली माहिती सहसा गाळली जाते. आचार्याला कुणी इजा केली तर शिरच्छेद, आणि वावगं बोलला तर जीभ कापली जाईल, अशी दवंडी हर्षाने पिटवली होती. खरा युक्तिवाद करणाऱ्यांना मोकळीक आहे, असंही जाहीर केलं होतं म्हणा, पण अशा मंडपात उभं राहायची हौस किती जणांना असेल! याला वादविजय म्हणणं मला जड जातं.

सभेच्या आधीचा किस्सा तर नाटकात शोभेल असा. युआन श्वांग तेव्हा कामरूपला (आजच्या आसामात) राजा भास्करवर्म्याकडे होता. हर्षाने त्याला बोलावलं, तर भास्करवर्म्याचा निरोप आला की माझं डोकं न्या, पण आचार्याला पाठवणार नाही. हर्षाने उलट कळवलं, बरं, मग डोकं पाठवून द्या. भास्करवर्मा पाहुण्याला घेऊन स्वतः हजर झाला.

हर्ष बौद्ध होता का, याची उत्तरंही यावरच अवलंबून असतात. युआन श्वांग वाचला की हर्ष पक्का बौद्ध वाटतो. पण हर्षाच्या स्वतःच्या ताम्रपटांत तो स्वतःला ‘परममाहेश्वर’, म्हणजे शिवभक्त म्हणवतो. बौद्ध संघाचा मोठा आश्रयदाता, एवढं लिहिलंत तर चुकणार नाही.

१२. तो किती ग्रंथ घेऊन गेला? एवढे नेले कसे?

६५७ ग्रंथ, ५२० बासनांत, वीस-बावीस घोड्यांवर. शिवाय बुद्धाच्या सात मूर्ती आणि शरीरधातू (अस्थी-अवशेष). ग्रंथांत हेतुविद्येचे ३६ आणि व्याकरणाचे १३ होते, महायानाबरोबर सर्वास्तिवाद, महासांघिक, धर्मगुप्त अशा निकायांचं (बौद्ध पंथांचं) साहित्यही होतं. एका पंथाचा माणूस असूनही त्याने इतरांचं साहित्य गोळा केलं, हे विशेष.

सिंधू ओलांडताना वादळात नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या आणि फुलांचं बियाणं पाण्यात गेलं. तो तिथेच थांबला आणि काश्यपीय निकायाचं त्रिपिटक पुन्हा उतरवून आणायला त्याने माणसं उड्डियानला धाडली. हर्षाने दिलेला हत्ती पामीरच्या वाटेवर, चोरांच्या धावपळीत, बुडून मेला. खोतानला पोहोचल्यावर त्याने सम्राट ताईत्सुंगला पत्र लिहिलं की मी परवानगीशिवाय गेलो होतो, आता परत येतोय. उत्तर येईपर्यंत तो महिनोन्‌महिने तिथेच थांबला.

१३. प्रवासवर्णन त्याने स्वतः लिहिलं का? आणि ‘चरित्र’ म्हणतात ते तेच का?

दोन वेगळी पुस्तकं आहेत, आणि निम्मा घोळ यातूनच होतो.

पहिलं म्हणजे ६४६ चा वृत्तांत. ताईत्सुंगने त्याला मंत्रिपद देऊ केलं, ते त्याने नाकारलं. मग सम्राटाने पश्चिमेकडच्या देशांची माहिती लिहून मागितली. मजकूर युआन श्वांगचा, शब्दांकन प्येनची नावाच्या तरुण भिक्खूचं. या प्येनचीचा पुढे एका राजकन्येशी संबंध उघड झाला आणि त्याला देहदंड झाला, असं तांग राजवटीचा इतिहास सांगतो. वृत्तांतात ‘मी’ जवळजवळ नाही. घेर, पीक, हवामान, माणसं, विहार, दंतकथा असा साचा आहे. गुप्तहेर होता का, असं विचारणाऱ्यांसाठी: जाताना तर तो फरारीच होता. सम्राटाला माहिती हवी होती, हे मात्र खरं.

दुसरं म्हणजे शिष्य ह्वेलीने लिहायला घेतलेलं आणि येनत्सुंगने ६८८ मध्ये पुरं केलेलं चरित्र, दहा भागांचं. सुरी, पखाल, महाशाली तांदूळ, भास्करवर्म्याचं डोकं, हे सगळं यातलं. शिष्याने गुरूचं लिहिलं आहे, तेव्हा गुरू कुठे हरत नाही.

१४. एक ली म्हणजे किती किलोमीटर?

ढोबळमानाने अर्धा किलोमीटर किंवा थोडं कमी. पण गणित करायला बसू नका. डोंगरात तो एका दिवसाच्या चालीवरून अंतर ठरवत असणार, त्यामुळे मैदानातली ली आणि घाटातली ली सारखी भरत नाही.

१५. वृत्तांतात चमत्कारच चमत्कार आहेत. मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

तो काय करतो आहे ते वाक्यागणिक बघायचं. अंतर, दिशा, विहार आणि भिक्खूंची संख्या तो हिशेबनीसासारखी देतो, आणि तिथे तो बहुतेक खरा ठरतो. ‘लोक सांगतात’, ‘जुनी कथा अशी’ म्हणून जे येतं ते स्थानिक भिक्खूंकडून ऐकलेलं. त्याची नोंद तो श्रद्धेने करतो, पण साक्षीदार म्हणून नाही. १३८ राज्यांपैकी ११० त्याने स्वतः पाहिली आणि २८ ऐकीव, अशी विभागणी परंपरेने दिलेली आहे.

पूर्वग्रहही आहेत. बोधिवृक्ष तोडणारा गौडचा (बंगालचा) राजा शशांक त्याच्याकडे निव्वळ खलनायक म्हणून येतो, आणि शशांक हर्षाचा वैरी होता हे विसरून चालणार नाही.

मात्र पायाखालच्या जमिनीवर तो पक्का आहे. १८६१ पासून पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने वृत्तांताचं फ्रेंच भाषांतर हाताशी धरून उत्तर भारत पालथा घातला, आणि राजगीरपासूनचं अंतर-दिशा लावून बडगाव गावाशेजारचे ढिगारे म्हणजेच नालंदा हे दाखवलं. बाराशे वर्षांनी वाट सापडते, याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं?

१६. त्या काळच्या समाजाबद्दल, जातींबद्दल त्याने काय लिहिलं?

चार वर्ण आणि त्यांची कामं तो पुस्तकी पद्धतीने सांगतो: ब्राह्मण धर्म पाळतात, क्षत्रिय राज्य करतात, वैश्य व्यापार आणि शूद्र शेती. पण त्याच्याच वृत्तांतात सिंध आणि मतिपूरचे राजे शूद्र आहेत, उज्जैनचा ब्राह्मण. सर्वसाधारण प्रकरण शिकवलेलं आहे आणि राज्यांची वर्णनं बघितलेली आहेत, असा फरक करून वाचा.

खाटीक, कोळी, फाशी देणारे यांना गावाबाहेर राहावं लागतं आणि रस्त्याने जाताना कडेने चालावं लागतं, ही नोंद अस्पृश्यतेच्या इतिहासासाठी महत्त्वाची आहे. करभार हलका, पिकाचा सहावा हिस्सा. गुन्हा कबूल नसेल तर पाणी, आग, तराजू आणि विष यांची दिव्यं. जेवणाआधी हात धुणं, शिळं-उष्टं न खाणं, जेवल्यावर दातवण. कांदा-लसूण खाणाऱ्याला वेशीबाहेर घालवतात, असंही तो लिहितो. त्याने पाहिलेल्या वर्गापुरतं ते खरं असेल.

१७. बौद्ध धम्माचा ऱ्हास त्याच्या वेळी सुरू झाला होता का?

काही ठिकाणी तर होऊन गेला होता. कपिलवस्तू आणि कुशीनगर त्याला ओसाड दिसली, गांधारचे विहार पडके. नालंदा, वलभी, महाराष्ट्र इथे मात्र संघ भरलेला होता. ‘भारतात धम्म फुलला होता’ आणि ‘धम्म संपत आला होता’ ही दोन्ही वाक्यं त्याच्या आधाराने सिद्ध करता येतात, म्हणून प्रदेश सांगितल्याशिवाय त्याचा दाखला देऊ नये.

तो स्वतः महायानातल्या योगाचार, म्हणजे विज्ञानवाद पंथाचा.

१८. परत गेल्यावर त्याने काय केलं?

त्याच्या दृष्टीने खरं काम तेव्हा सुरू झालं. ७५ ग्रंथ, १,३३५ गुंडाळ्या. सोबत पंडितांची तुकडी: कुणी संस्कृत वाचणार, कुणी चिनी घडवणार, कुणी तपासणार. कोणते शब्द भाषांतरित न करता तसेच ठेवायचे याचे पाच नियम त्याच्या नावावर आहेत. धारणीसारखे गूढ शब्द, ‘भगवत्’सारखे अनेकार्थी, जांभळासारखी चीनमध्ये नसलेली गोष्ट, आधीपासून रूढ झालेले, आणि ‘प्रज्ञा’सारखे आदर जागवणारे.

महाप्रज्ञापारमितासूत्र दोन लाख श्लोकांचं. शिष्य म्हणाले, पुनरुक्ती फार आहे, संक्षेप करू. तोही तयार झाला, पण त्याला भयंकर स्वप्नं पडू लागली, आणि एक अक्षरही न गाळता ६६० ते ६६३ मध्ये ६०० गुंडाळ्यांत त्याने ते संपवलं. काही महिन्यांनी तो गेला. ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ मध्ये बांधलेला मनोरा, ‘जंगली हंसाचा मोठा पॅगोडा’, आजच्या शीआन शहरात उभा आहे.

भारताशी पत्रव्यवहारही राहिला. बोधगयेच्या महाबोधी विहारातून प्रज्ञादेव आणि ज्ञानप्रभ यांची पत्रं गेली, सोबत पांढऱ्या कापडाचे दोन तागे. ६५४ च्या उत्तरात त्याने शीलभद्र गेल्याचं दुःख व्यक्त केलं आणि सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची यादी जोडून त्या पाठवण्याची विनंती केली.

१९. माकडाच्या गोष्टीतला भिक्खू तो हाच का?

हाच, नावापुरता. ‘पश्चिमेची यात्रा’ ही सोळाव्या शतकातली चिनी कादंबरी. तिच्यातला भिक्खू भित्रा आणि रडवा आहे, सगळी कामगिरी सुन वुखुंग हे माकड करतं. वाळवंटात एकट्याने शिरलेल्या माणसाशी त्याचं नातं जेमतेम.

२०. फाहियान, युआन श्वांग आणि इत्सिंग यांत गोंधळ होतो. सोपा फरक?

फाहियान ३९९ मध्ये निघाला, गुप्तकाळात, विनयाचे (भिक्खूंच्या आचारनियमांचे) ग्रंथ शोधत. युआन श्वांग हर्ष आणि पुलकेशीच्या काळात, खुष्कीने आला आणि खुष्कीनेच गेला. इत्सिंग ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला आणि विहारातल्या रोजच्या शिस्तीवर लिहिलं. तिघांपैकी महाराष्ट्रात आल्याची खात्री फक्त युआन श्वांगबद्दल.

२१. त्याच्या अस्थी भारतात आहेत, हे खरं का?

आहेत. कवटीचा एक अंश १९४२ मध्ये नानकिंग इथे जपानी सैन्याच्या बांधकामात सापडला आणि त्याचे भाग वेगवेगळ्या ठिकाणी गेले. त्यातला एक १९५७ च्या जानेवारीत चीनच्या वतीने दलाई लामांनी पंडित नेहरूंकडे सोपवला. उद्देश नालंदेत स्मारक करण्याचा होता आणि ते स्मारक झालंही, पण अस्थी ठेवल्या गेल्या त्या पाटणा संग्रहालयात. नालंदेला जाणारे बरेच जण त्या स्मारकातच शोधत बसतात.